वाट नसलेल्या वाळवंटी घळींतून गटाने चालताना: पाणी, पूर आणि परतीचा हिशेब

सोलापुरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली आणि इथे असताना सह्याद्रीत भरपूर भटकलेली तरुण मंडळी तिकडे एकत्र आली, की ग्रँड कॅनियन कठड्यावरून पाहून परतण्यात त्यांचे समाधान होत नाही. पाच-सात दिवसांचा शिधा आणि अंथरूण-पांघरूण पाठीवर घ्यायचे, आखलेली पायवाट सोडायची आणि युटा किंवा ॲरिझोनातल्या एखाद्या निर्जन घळीत उतरायचे, असा बेत ठरतो. तो बेत फोनवरून ऐकणाऱ्या इथल्या घरच्यांना त्यात नेमके अवघड काय आहे हे सहसा कळत नाही. राजगडाहून तोरण्याला चालत गेलेल्या मुलाला चार दिवस वाळवंटात चालणे जमणारच, असे त्यांना वाटते. चालणे जमेलही. अवघड आहे ते वेगळेच, आणि ते समजून घ्यायला डोंगर चढण्याच्या सवयीपेक्षा दुष्काळी भागात राहण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

सह्याद्रीतली अगदी आडवाट घेतली तरी ती कोणाची तरी असते. गुराख्याची, सरपण आणणाऱ्या बायकांची, पलीकडच्या गावी देवदर्शनाला जाणाऱ्यांची. चुकले तरी उतरत राहिले की संध्याकाळपर्यंत एखादी वाडी लागते, पाणी मिळते आणि वाट दाखवणारे कोणी भेटते. युटा-ॲरिझोनाच्या भागातल्या कोलोरॅडो पठारावरच्या दुर्गम घळींत उतरत राहिले की बहुतेक वेळा एखादा तीस-चाळीस फुटांचा कोरडा धबधबा लागतो, ज्याच्या खाली उडी मारता येत नाही आणि जिथून वर जायला पुरेसे पाणी पाठीवर शिल्लक नसते. त्यामुळे या प्रकारात सर्वांत मोठे कौशल्य लागते ते परतीची शक्यता शेवटपर्यंत हातात ठेवण्याचे. पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे या एकाच गोष्टीभोवती फिरते.

खडकांचे थर आणि त्यांतल्या फटी

युटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात त्याभोवती कोलोरॅडो पठार पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे जास्तच आहे. वालुकाश्म, चुनखडक आणि शेल यांचे थर इथे बव्हंशी आडवे, एकावर एक बसलेले आहेत. पठार वर उचलले गेले, नद्या त्याला चिरत खाली गेल्या आणि पाऊस कमी असल्यामुळे काठांची झीज मंद राहून भिंती उभ्याच राहिल्या. सोलापूरच्या पायाखालचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्टही थराथरांचाच आहे, म्हणून सह्याद्रीत फिरलेल्याला इथली एक गोष्ट लगेच समजते: कठीण थराचा कडा बनतो, मऊ थराचा उतार बनतो आणि दोन कड्यांच्या मध्ये माचीसारखा सपाट पट्टा राहतो. वाट नसलेल्या प्रदेशात चालणे म्हणजे बरेचसे या पट्ट्यांवरून आडवे जाणे आणि कड्याला कुठे खिंडार पडले आहे ते शोधणे.

हे खिंडार शोधणे किती कष्टाचे असते याचे उदाहरण म्हणजे ग्रँड कॅनियनमधला रेडवॉल नावाचा चुनखडकाचा थर. सुमारे १५० मीटर उंचीचा, जवळजवळ उभा असा हा कडा घळीच्या दोन्ही बाजूंनी मैलोन्‌मैल जातो आणि मोजक्याच ठिकाणी, बहुधा प्रस्तरभंगामुळे, म्हणजे खडक तुटून सरकल्यामुळे, तो माणसाला उतरता येईल इतका मोडलेला आहे. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथे गणित शिकवणारे प्राध्यापक हार्वी बुचार्ट यांनी १९४५ नंतरच्या चार दशकांत ग्रँड कॅनियनमध्ये पायवाटा सोडून सुमारे १९ हजार किलोमीटर चालून अशी खिंडारे नोंदवली. १९६३ मध्ये भटकंतीवर लिहिणारे कॉलिन फ्लेचर यांनी त्या वेळच्या राष्ट्रीय उद्यानाची संपूर्ण लांबी कड्याच्या आतून एका सलग प्रवासात चालून पार केली, ती बुचार्ट यांच्याकडून माहिती घेऊन आणि वाटेत शिधा आधीच पुरून व विमानातून टाकून घेऊन. दोघेही बहुतेक वेळा एकटे किंवा अगदी मोजक्या सोबत्यांसह फिरले. मोठ्या गटाला हे गणित आणखी कठीण पडते.

नकाशा इथे मदत करतो, पण त्याची मर्यादा ओळखावी लागते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांवर या भागात बहुधा ४० फुटांच्या अंतराने समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढलेल्या असतात. याचा अर्थ ३० फुटांचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्णपणे लपू शकतो; नकाशावर सौम्य दिसणारी घळ प्रत्यक्षात दोराशिवाय अशक्य निघते. उपग्रहाच्या छायाचित्रात कडा वरून दिसतो, त्यामुळे त्याची उंची कळत नाही. फोनमधले जीपीएस अरुंद घळीत भिंतींवरून परावर्तित झालेले संकेत पकडते आणि माणसाला पलीकडच्या घळीत दाखवते. म्हणून अनुभवी गट यंत्राने सांगितलेल्या ठिपक्यापेक्षा, आपण उजवीकडच्या किती उपघळी ओलांडल्या आणि घळीने शेवटचे वळण कोणत्या दिशेला घेतले, याची कागदावर नोंद ठेवतात.

खडकाबद्दल सह्याद्रीवाल्यांनी एक सवय जाणीवपूर्वक मोडायला हवी. आपला बेसाल्ट पावसात निसरडा होतो, पण त्याची ताकद पावसाने फारशी कमी होत नाही. नावाहो वालुकाश्म हा ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन बनलेला दगड आहे, आणि त्यात पाणी मुरले की तो लक्षणीय कमकुवत होतो; काल ज्या कपारीने वजन पेलले ती आज हातात निघून येऊ शकते. पाऊस पडून गेल्यावर असा खडक वाळेपर्यंत थांबणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, पण तो शिधा आणि दिवस हाताशी असतील तरच करता येतो.

उतरणे आणि चढणे यांतला फरकही इथे निर्णायक ठरतो. गुळगुळीत वालुकाश्मावरून बसून घसरत दहा फूट खाली येणे कोणालाही जमते, पण त्याच जागी परत वर जायला पकड नसते. दोर लावून खाली उतरून तो ओढून घेतला तर मागचा दरवाजा बंद झाला, हे गटातल्या प्रत्येकाला आधी माहीत असायला हवे. जिथून वर चढता येणार नाही तिथे उतरायचे नाही, याला अपवाद एकच: पुढे बाहेर पडण्याची जागा आहे हे गटातल्या कोणी स्वतः पाहिलेले असणे. दुसऱ्याने कुठेतरी लिहिलेल्या वर्णनावर इतका विश्वास मी तरी टाकणार नाही, कारण एका पुराने घळीतली वाळू दहा फूट खाली जाऊ शकते आणि वर्णनातली ‘सोपी पायरी’ कडा होऊन बसते.

दोन भिंतींत अडकून राहिलेल्या धोंड्यांवरही भरवसा नको. एप्रिल २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये आरन रॅल्स्टन उतरत असताना असाच एक धोंडा सरकला आणि त्यांचा उजवा हात भिंतीशी चेपला गेला. ते एकटे होते आणि कुठे जात आहोत हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. पाच दिवसांहून अधिक काळ अडकून राहिल्यावर स्वतःचा हात कापून त्यांनी सुटका करून घेतली. सोबत एक माणूस असता तर हा प्रसंग इतका लांबला नसता, आणि गटाने जाण्याच्या बाजूने याहून ठाम युक्तिवाद मला सुचत नाही.

पाठीवरचे पाणी

वाळवंटात चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला किमान ४ लिटर पाणी लागते, असे सर्वसाधारणपणे धरतात. ऊन कडक असेल तर त्याहून बरेच जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो. सहा जणांच्या गटाला दोन दिवस वाटेत पाणी मिळणार नसेल तर ४८ लिटर पाणी, म्हणजे प्रत्येकी ८ किलो, शिधा, दोर आणि तंबू यांच्या जोडीला उचलावे लागते. चौथ्या दिवसासाठीही पाणी आत्ताच उचलू, असे म्हणता येत नाही, कारण १६ किलो पाणी घेऊन चालणारा माणूस इतका मंद चालतो आणि इतका घाम गाळतो की तो जास्तीचे पाणी त्याच कामात संपवतो.

म्हणून सगळा प्रवास एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंतच्या टप्प्यांत मोडावा लागतो. यातला खरा नियम असा: पुढच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचायला जेवढे पाणी लागेल तेवढे पुरत नाही, तिथे पाणी नसल्याचे कळल्यावर मागच्या पाणवठ्यापर्यंत परत यायला लागेल तेवढेही बरोबर हवे. अर्ध्या दिवसाचा टप्पा असेल तर पूर्ण दिवसाचे पाणी घ्यायचे, आणि निम्मे पाणी संपले तरी पुढचा पाणवठा दिसला नाही तर तिथूनच वळायचे. कागदावर हे सरळ वाटते. प्रत्यक्षात निम्मे पाणी संपते तेव्हा पुढचा पाणवठा ‘त्या वळणापलीकडेच’ आहे असे प्रत्येकाला वाटत असते, आणि बहुतेक वाईट गोष्टी त्या वळणापलीकडे घडतात.

पाणवठे तीन-चार प्रकारचे असतात आणि त्यांची खात्री वेगवेगळी असते. सर्वांत भरवशाचे म्हणजे झरे. नावाहो वालुकाश्मातून झिरपत आलेले पाणी खालच्या कायेंटा नावाच्या, कमी पाझर होणाऱ्या थरावर अडते आणि दोन थरांच्या सांध्यातून कड्याबाहेर येते. भिंतीच्या मध्येच हंसराजासारख्या नेच्यांची हिरवी पट्टी दिसली की तो सांधा ओळखावा. कॉटनवुड नावाची उंच झाडे घळीच्या तळात दिसली तर जमिनीखाली ओल नक्की आहे, पण ती ओल वर येईलच असे नाही. तिसरा प्रकार म्हणजे उघड्या खडकावरचे खळगे. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या प्रवाहाने कोरलेले रांजणखळगे पुष्कळांनी पाहिलेले असतात. तिकडचे बरेच खळगे नदीपासून दूर, पावसाचे पाणी साठून झिजलेले असतात आणि पाऊस पडून काही दिवस किंवा काही आठवडे झाले की कोरडे पडतात. अशा खळग्यात बोटाच्या पेराएवढे कोळंबीसारखे जीव पोहताना दिसतात, ज्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकून पाऊस आल्यावर फुटतात. पाणी भांड्याने काढून घ्यावे, आत हात-पाय धुऊ नयेत. अंगावरच्या सनस्क्रीनने तो एवढासा खळगा सहज बिघडतो.

नदीचे पाणी मुबलक पण गढूळ असते आणि ते सरळ फिल्टरमध्ये घातले तर फिल्टर थोड्या वेळात तुंबतो. कोलोरॅडो नदीवर नावा चालवणारे लोक यासाठी तुरटी वापरतात, हे वाचून पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आल्यावर तुरटी फिरवणाऱ्या आपल्या घरांना नवल वाटणार नाही. रात्री भांड्यात तुरटी फिरवून ठेवावी, सकाळी वरचे निवळ पाणी अलगद काढून मग ते फिल्टर करावे किंवा क्लोरिनच्या गोळीने निर्जंतुक करावे. मात्र जंतू मारले म्हणजे पाणी चांगले झाले असे नसते. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठाखाली हॉर्न क्रीक नावाचा ओढा आहे; वरच्या जुन्या खाणीमुळे त्याच्या पाण्यात युरेनियम उतरते, आणि ते उकळून किंवा साध्या फिल्टरने जात नाही. नकाशावर ओढा दिसला म्हणून तो हिशेबात धरण्याआधी त्या उद्यानाच्या कार्यालयातून पाण्याची ताजी माहिती घ्यावी लागते, ती याचसाठी.

पाण्याबरोबर मीठ हवेच. घामातून मीठ जात असताना नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे उष्माघाताच्या सुरुवातीसारखीच दिसतात, सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि माणूस अधिकच बिघडतो. जलसंजीवनीची पाकिटे आणि खारट खाणे बरोबर ठेवणे हा त्यावरचा उपाय सोलापूरकरांना नवा नाही.

उन्हाची सवय मात्र उलटी फसवू शकते. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढचा पारा आपण पाहतो, पण पाहतो तो सावलीतून आणि माठ जवळ ठेवून. शिवाय किल्ल्यावर आधी चढण असते आणि दमल्यावर उतार मिळतो. कॅनियनमध्ये आधी थंड काठावरून खाली उतरायचे असते आणि तळाच्या, काठापेक्षा कितीतरी गरम हवेत दमून झाल्यावर चढण सुरू होते. म्हणून वसंत आणि शरद हे दोनच हंगाम तिथे जायला योग्य मानतात, आणि त्यांतही पहाटे चालून दुपारी सावलीत थांबतात. याच्या अगदी उलट, ऊन न पोहोचणाऱ्या अरुंद घळीत छातीइतक्या थंड पाण्यातून जावे लागले तर बाहेर कडक ऊन असतानाही शरीर धोकादायक इतके गारठू शकते.

आकाश निरभ्र असताना येणारा पूर

पंढरपुरात थेंबभर पाऊस नसताना चंद्रभागेचे वाळवंट पाण्याखाली जाते, कारण पाऊस पुणे जिल्ह्यात झालेला असतो आणि उजनीतून विसर्ग वाढवलेला असतो. वाळवंटी घळींतला पूर याच जातीचा असतो. फरक एवढाच की तिथे धरण नसते, इशारा देणारे कोणी नसते आणि पाणी पसरायला काठ नसतो. उघड्या खडकावर पडलेला पाऊस मुरत नाही, तो सगळ्या बाजूंनी एकाच चिरेत ओतला जातो, आणि दोन-तीन मीटर रुंद चिरेत त्याची पातळी मिनिटांत वाढते. पाण्याबरोबर चिखल, ओंडके आणि धोंडे येतात, त्यामुळे पोहता येणे हा मुद्दाच उरत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून गेले. मुसळधार पाऊस घळीच्या वरच्या बाजूला कित्येक किलोमीटर दूर झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅनियनमध्ये एकाच गटातले सातही जण पुरात दगावले. दोन्ही तारखा त्या प्रदेशाच्या पावसाळी हंगामातल्या आहेत. साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथे दुपारच्या वादळी सरी येतात.

यातून निघणारे काम नकाशावरचे आहे. आपण ज्या घळीत उतरणार तिच्यात कुठून कुठून पाणी येते ती सगळी हद्द नकाशावर पेन्सिलीने आखावी आणि हवामानाचा अंदाज जवळच्या गावाचा न पाहता त्या संपूर्ण हद्दीचा पाहावा. चिंचोळ्या भागात शिरण्याआधी त्याची लांबी आणि मध्ये वर चढून थांबता येईल अशा जागा ठरवाव्यात. भिंतीत डोक्याच्या कितीतरी वर ओंडके अडकलेले दिसतात, ती जुन्या पुराची पातळी असते. मुक्काम तिच्या वर करावा. ओढ्याच्या पात्रातली सपाट मऊ वाळू झोपायला अतिशय मोहक असते, आणि तिथे झोपायचे नाही. पूर ओसरल्यावर पात्रात रुतवणारी वाळू तयार होते. ती माणसाला गिळत नाही, बहुधा गुडघ्यापर्यंतच ओढते, पण पाठीवरच्या ओझ्यासह त्यातून पाय काढताना गुडघा दुखावला तर पुढचा सगळा हिशेब बदलतो.

गट किती मोठा आणि ‘नाही’ कोणी म्हणायचे

गटाच्या आकाराचा प्रश्न पुष्कळ जण गाडीत किती माणसे मावतात यावर सोडवतात. त्याऐवजी एक साधा गुणाकार करून पाहावा. दोराच्या आधाराने उतरायच्या एका जागी माणशी दहा मिनिटे लागतात असे धरले, तर आठ जणांना ८० मिनिटे लागतात. दिवसात अशा चार जागा आल्या तर पाच तास वीस मिनिटे नुसती वाट पाहण्यात आणि उतरण्यात जातात. तिघांचा गट तेच काम दोन तासांत उरकतो. उरलेल्या तीन तास वीस मिनिटांची किंमत उजेडात आणि पाण्यात मोजायची असते. उलट बाजूने पाहिले, तर कोणी जखमी झाल्यास एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी मदतीसाठी बाहेर जावे, यासाठी किमान चार जण हवेत. ग्रँड कॅनियनमध्ये मुक्कामी गटाची कमाल मर्यादा ११ जणांची आहे, पण वाट नसलेल्या घळीसाठी चार ते सहा हा आकडा मला योग्य वाटतो.

घसाऱ्याच्या नाळेत, म्हणजे सुट्या दगडगोट्यांच्या चिंचोळ्या उतारावर, मोठा गट स्वतःच धोका बनतो, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. अशा ठिकाणी एकेकाने जायचे आणि बाकीच्यांनी नाळेच्या सरळ रेषेतून बाजूला, आडोशाला थांबायचे, हे सह्याद्रीतही शिकवतात आणि गर्दी झाली की सह्याद्रीतही विसरतात.

याहून नाजूक भाग बोलण्याचा आहे. आपल्या गटांत पुढारी हा ‘दादा’ किंवा ‘सर’ असतो आणि त्याच्या अनुभवाचा मान राखण्याच्या नादात पंचविशीतला नवा मुलगा आपला पाय मुरगळल्याचे किंवा पाणी संपत आल्याचे संध्याकाळपर्यंत सांगत नाही. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘मी ठीक आहे’ हेच उत्तर येते, म्हणून तो प्रश्न विचारून काही कळत नाही. ‘किती लिटर उरले?’ असे विचारावे, प्रत्येकाने आकडा मोठ्याने सांगावा आणि गटाचा निर्णय सर्वांत कमी आकड्यावर व्हावा. पुढे जायचे की नाही याची चर्चा करताना सर्वांत नव्या माणसाला आधी बोलू द्यावे, कारण दादा आधी बोलले की बाकीचे बोलत नाहीत. एकाने ‘नाही’ म्हटले तर तिथे उतरायचे नाही आणि त्याला कारण विचारून हैराण करायचे नाही, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. हा नियम काहींना भित्रेपणाचा वाटतो. त्यांच्यासोबत जाण्याआधी विचार करावा.

समान सामान कसे वाटून घ्यायचे यातही हाच विचार आहे. फिल्टर एकच आणि तो एकाच्या सॅकमध्ये, दोर दुसऱ्याकडे, नकाशा तिसऱ्याकडे अशी वाटणी केली आणि गट काही कारणाने विभागला गेला, तर दोन्ही तुकड्या अपंग होतात. पाणी शुद्ध करण्याची आणि वाट ओळखण्याची साधने दुहेरी असावीत. वजन वाचवायचे असेल तर ते कपड्यांत वाचवावे.

पायाखालची माती

वाट नसलेल्या जागी पाय कुठेही टाकता येतो असे वाटते, ते तिथे खरे नाही. मोकळ्या जमिनीवर काळसर, खडबडीत, मुंग्यांच्या वारुळासारख्या उंचवट्यांची एक पापुद्र्यासारखी साय दिसते. सायनोजीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण धाग्यांनी बांधून ती तयार केलेली असते. ती वाऱ्याने माती उडू देत नाही आणि जमिनीला नायट्रोजन पुरवते. एका पावलाने ती फुटते आणि पूर्ववत व्हायला दशके लागतात. म्हणून उघड्या खडकावरून किंवा ओढ्याच्या वाळूच्या पात्रातून चालावे, आणि ती ओलांडण्यावाचून गत्यंतरच नसेल तर सर्वांनी पहिल्याच्या पावलात पाऊल टाकत एका ओळीने जावे.

शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करतात, पण कोरड्या वाळूत विघटन फार मंद होत असल्यामुळे काही घळींत मैला खास पिशवीत भरून परत आणणे बंधनकारक आहे. हे ऐकून आपल्याकडे नाके मुरडली जातात; कपाऱ्यांतल्या प्राचीन प्वेब्लो लोकांच्या वस्त्यांजवळ मुक्काम करणाऱ्यांनी ही तक्रार करू नये. त्या वस्त्यांच्या भिंतींना टेकू नये, मडक्याचा तुकडाही उचलू नये. १९७९ पासून अमेरिकी संघीय कायद्याने तो गुन्हा आहे. नावाहो या मूळनिवासी लोकांच्या भूमीत शिरायला त्यांच्या प्रशासनाची वेगळी परवानगी लागते आणि अँटिलोप कॅनियनमध्ये तर त्यांच्या मार्गदर्शकाशिवाय प्रवेशच नाही.

सोलापुरात बसून काय करता येईल

सपाट प्रदेशात राहूनही यातली बरीच तयारी होते. तुळजापूर-येडशीच्या बाजूच्या बालाघाट डोंगररांगेत उंची फार नाही, पण नकाशा वाचायला शिकण्यासाठी तिथल्या लहान घळी पुरेशा आहेत. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून मोफत मिळतात आणि त्यांवर बहुधा २० मीटरच्या समोच्चरेषा असतात. पुढच्या वळणापलीकडे काय दिसेल ते नकाशावरून आधी लिहून काढावे आणि मग जाऊन पडताळावे. दोराच्या सरावासाठी आणि अरुंद घळीचा अंदाज येण्यासाठी साम्रदजवळची सांदण दरी योग्य आहे, अर्थात पावसाळा सोडून.

शिध्याच्या बाबतीत सोलापूरकरांना शिकवण्याची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हलकी असते, उन्हात टिकते, खारट-तिखट असते आणि मुख्य म्हणजे ती शिजवायला पाणी लागत नाही. सॅकमध्ये तिचा चुरा होतो एवढीच अडचण. तिकडच्या भारतीय दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते. तिकडून संकटकाळी संदेश पाठवणारे उपग्रहावरचे यंत्र जरूर न्यावे, मात्र खोल चिरेत आकाशाचा तुकडाच दिसत असल्याने ते तिथे चालेलच असे धरू नये. आणि असे यंत्र सुट्टीत घरी येताना सहज बॅगेत टाकून आणू नये. उपग्रह फोन परवान्याशिवाय भारतात आणणे बेकायदा आहे.

शेवटचे काम म्हणजे निघण्यापूर्वी मागे ठेवायची चिठ्ठी. तिच्यात गाडी कुठे उभी केली आहे, गाडीचा क्रमांक, गटातल्या सर्वांची नावे व आजार, कोणत्या घळीतून उतरणार आणि कोणत्या घळीतून बाहेर येणार, मधले पाणवठे, तंबूंचे रंग, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, एवढे असावे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तिथल्या रेंजरांना आणि बाहेर बहुधा त्या काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) शेरीफला, म्हणजे पोलीस प्रमुखाला, कळवायचे असते, म्हणून दोन्हींचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. चिठ्ठी सोलापूरच्या घरी पाठवायला हरकत नाही, पण जबाबदारी अमेरिकेतल्याच एखाद्या मित्राकडे द्यावी, आणि वेळ लिहिताना ती कुठली ते स्पष्ट लिहावे. मार्च ते नोव्हेंबर या काळात युटातली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, ॲरिझोनातली नसतात, आणि ॲरिझोनाच्याच पोटातल्या नावाहो भूमीत ती पुन्हा पुढे केलेली असतात. त्या महिन्यांत युटातले संध्याकाळचे सहा म्हणजे सोलापुरात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच, आणि ॲरिझोनातले सहा म्हणजे साडेसहा.